मिटल्या डोळ्यांचा ठराव

“डोळे मिटा,” पाळकसाहेब म्हणाले. “शेजारी काय करतो ते बघू नका. ज्यांना भिंत हवी, त्यांनी हात वर करा.”

सुलेखाने डोळे गच्च मिटले. हात मांडीवरच राहिला. पडेगावच्या या छोट्या चर्चमध्ये प्रत्येक ठराव असाच व्हायचा. डोळे फक्त पाळकांचे उघडे. त्यामुळे मंडळीत भांडणं होत नाहीत, असं जुनी माणसं सांगत.

महिन्यापूर्वी उपासना चालू असताना खिडकीतून दगड आले. काच लागून तिच्या लेकीच्या, मेघाच्या कपाळाला टाके पडले. दगड मागच्या वस्तीतून आले, असं सगळे म्हणत. पाहिलं कुणीच नव्हतं. मग महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिलेले सर्जेराव येऊन सांगून गेले, “मंडळीची मतं मला. निवडून आलो की निधीतून एक काम तुमचं. चर्चच्या मागं भिंत नाय तर वस्तीत दवाखाना. दोन्ही नाय व्हायचं.”

दवाखान्याचं सुलेखानेच काढलं होतं. वस्तीतल्या वच्छलाबाईचा नातू जुलाबाने गेला, घाटीच्या सरकारी इस्पितळापर्यंत पोचलाच नाही. “दर रविवारी जगातल्या गोरगरिबांसाठी प्रार्थना करता,” सुलेखा मंडळीपुढे तावातावाने बोलली होती, “पार आफ्रिकेपर्यंत जाता. अन् मागची गल्ली लांब पडती व्हय?” बोलून बसली आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती. आई म्हणून तिलाही भिंतच हवी होती.

“आता दवाखाना,” पाळकसाहेब म्हणाले.

तिचा हात वर गेला. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. न राहवून तिने डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पण बाकाबाकांवर माना खाली होत्या आणि हात वर होते. जवळजवळ सगळेच.

“हात खाली घ्या.” पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं. “भिंतीला बहुमत आहे.”

त्यांचा आवाज कापत होता. चर्चला लागूनच त्यांचं घर, घरात दोन लहान मुली. सुलेखाला त्यांचा राग येईना.

गप्प बसलं तर भिंत होणार होती. मेघाला जपता येणार होतं. बोलायचं तर भर मंडळीत पाळकांना खोटं पाडायचं, आणि त्याआधी आपली चूक कबूल करायची. तरी ती उभी राहिली.

“पाळकसाहेब, माफ करा. माझे डोळे उघडे होते. मी हात पाह्यलेत.”

मग मागच्या बाकावरून म्हातारे कडुबा काठी टेकत उठले.

“माझेबी उघडेच होते,” ते म्हणाले. “सगळ्यांचेच असतील. दगड पडल्यापासून इथं डोळे मिटायची हिंमत कुणाला हाय, पाळकसाहेब?”