क्लिफर्डसाठी काठी

"गळाची काठी कुणासाठी हवीय, मॅडम?" दुकानदार पिनकने विचारलं.

"नवऱ्यासाठी. जूनमध्ये निवृत्त होतोय. ट्राउट मासे धरतो तो, पाण्यावर तरंगणाऱ्या नकली माशीवर," मॉरीन म्हणाली. हे शब्द ती घरूनच घोकून आली होती.

क्लिफर्ड गेली वीसेक वर्षं दर शनिवारी सकाळी काठी गाडीत टाकून नदीवर जायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. हिवाळ्यात ट्राउटला बंदी, तर तेव्हा दुसऱ्या कुठल्याशा माशासाठी. घरात मात्र माशाचं शेपूटसुद्धा कधी आलं नाही. पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा, असा तिथल्या क्लबाचा नियम होता. मासे साफ करायचा मॉरीनला मनस्वी कंटाळा, त्यामुळे हा नियम तिच्या पथ्यावरच पडला होता. दोघांना मूलबाळ नव्हतं, तिचा शनिवार बागेत जायचा.

यंदा मात्र तिने ठरवलं होतं, आपणही नदीवर जायचं. काठावर सँडविचं खात नवऱ्याचं कौतुक बघायचं. नव्या वर्षाच्या दिवशी तिने हे सांगितलं, तेव्हा क्लिफर्डला चहाचा ठसकाच लागला होता.

"सध्या कुठली वापरतात साहेब?"

"त्याच्या वडिलांची, बांबूची. भली लांब आहे. दोन माणसं एकावर एक उभी केली तरी पुरून उरेल. दोन्ही हातांनी धरायची."

पिनकच्या भुवया वर गेल्या. "आपल्या या एवढ्याशा नदीवर? असो बुवा, ज्याची त्याची आवड."

त्याने एक ताठ काठी दाखवली आणि लगेच बाजूला ठेवली. "ही लांब फेकते, पण दोरी पाण्यावर फटकन आपटते. आपलं पाणी काचेसारखं. मासा पळालाच म्हणून समजा." मग त्याने दुसरी काढली. आठ फुटी, हलकी, मधोमध लवणारी. "ही हलवून बघा. माशी पाण्यावर अशी अलगद टेकली पाहिजे, की पाण्यालाही पत्ता लागू नये. नाव काय साहेबांचं?"

"क्लिफर्ड स्टॅग."

"उंच? चष्मा? कानाजवळ पांढऱ्या केसांचा झुपका?" पिनक हसला. "अहो, मग पैसे कशाला घालवता? हीच काठी मंगळवारी घेऊन गेले की ते! या दुकानात पहिल्यांदाच आले होते."

"एकटाच?"

"टॅमसिन होती ना बरोबर. निवडली तिनेच. मागे उभी राहून, त्यांचं मनगट धरून झुलवून दाखवत होती." एवढं बोलून तो घाईघाईने काउंटर पुसू लागला.

मंगळवारी क्लिफर्ड ऑफिसात असतो. निदान घरी तरी तसंच सांगून जातो.

रात्री जेवताना तिने सहज विचारलं, "मंगळवारी काय केलंस रे?"

"काय करणार? फायली उपसल्या."

फायली उपसून मान अशी लालबुंद होत नाही. मॉरीन त्याला बटाटे वाढत राहिली, पण आतून तिची नुसती आग होत होती. टॅमसिन! नावच कसलं नटवं! आपण एवढी वर्षं त्याचे चिखलाचे बूट धुतले आणि मनगट धरायला ही कोण? त्या रात्री त्याने दिवा मालवला, तरी हिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

शनिवारी क्लिफर्डने नेहमीची जुनी काठी गाडीत टाकली. नवी अर्थातच टॅमसिनकडे असणार. तो गेल्यावर मॉरीनने चांगला ड्रेस घातला, लिपस्टिक लावली आणि टॅक्सी बोलावली. दोघांना रंगेहाथ पकडायचंच.

नदीकाठच्या लाकडी खोपटाबाहेर एक बाई गळाला माशी बांधत बसली होती. चाळिशीची, उन्हाने रापलेली. तिने वर पाहिलं. "शिकायला आलात? मी टॅमसिन."

क्लिफर्ड अजून पोचलेला दिसत नव्हता. मॉरीनने खोटं बोलायचं ठरवलं. "हो. क्लिफर्ड स्टॅगने तुमचं नाव सुचवलं."

"अरे वा! गडी माझी जाहिरात पण करतो तर!" टॅमसिन खळखळून हसली. "बिचारा! बायकोच्या धाकाने शिकतोय हो."

"बायकोच्या?"

"जूनमध्ये ती बघायला येणार आहे म्हणे. तिच्यासमोर फजिती नको. मी मनगट धरून शिकवतेय आणि ह्याचं आपलं चालूच, मॉरीन काय म्हणेल, मॉरीनला आवडेल का. कान किटले माझे!"

मॉरीन बाकावर बसली. तिला स्वतःची लाज वाटली आणि हसूही फुटलं. वेडा कुठला! मुरलेला मासेमार, आणि बायको बघणार म्हणून घाम फुटतोय. आज रात्री त्याच्या आवडीचा कोंबडीचा रस्सा करायचा, तिने ठरवून टाकलं.

"म्हणजे त्याला हात जरा सुधारून हवाय," ती लाडाने म्हणाली.

"सुधारायचाय कसला? एप्रिलमध्ये आला, तेव्हा काठीला दोरीचं रीळ कुठं लावतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. जन्मात कधी गळ टाकलेला नाही, स्वतःच म्हणाला."

मॉरीनच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. "मग... आज कधी येणार आहे तो?"

"आज? छे!" टॅमसिनने दोरीला गाठ मारून दाताने तोडली. "मी त्याला शनिवारच देत होते. म्हणाला, शनिवार सोडून कुठलाही वार द्या. शनिवारी धाकट्याची क्रिकेटची मॅच असते, आणि बाबा दिसले नाहीत तर पोरगं मैदानात उतरतच नाही म्हणे."