नवी सुई

फोन संपल्यावरही अपेक्षाने तो कानाशीच धरून ठेवला. कपाशीच्या शेजारच्या ओळीत तिचे वडील, घनश्याम, पऱ्हाटीवर वाकलेले होते. त्यांनी मान वर केली नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, स्कॅनआधी सुईतून दिलेलं, चाचणीतलं नवं द्रव्य वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं चाललं. जुन्या स्कॅनमध्ये काहीच दिसलं नव्हतं. या वेळी बाबांच्या कॅन्सरच्या गाठी कण्यात आणि खुब्यात स्पष्ट उजळून आल्या. बोलताना त्यांच्या आवाजात आनंद होता. मग त्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्या थांबल्या आणि पुढचं हळू सांगू लागल्या.

सुई घेण्याआधी अपेक्षाने वडिलांना बजावलं होतं, हा इलाज नाही. रोग कुठे दडलाय तेवढंच यातून कळेल. ते हो म्हणाले होते. पण राळेगावला परतल्यापासून घरात त्यांचं एकच सांगणं, नव्या सुईनं पाठ हलकी झाली. त्यावर आई पुन्हा पोटभर जेवू लागली होती. आता ही समजूत मोडायची कशी?

"बाबा, ती सुई..."

"दिसलं ना?"

तिने होकारार्थी मान हलवली.

पऱ्हाटीच्या वर काठीला पतंग पकडायचा सापळा टांगला होता. त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत बोंडअळीचे पतंग फडफडत होते. घनश्यामांनी तिकडे बोट केलं.

"यानं अळी मरते का? आली, येवढंच समजते. मले काय मालूम नाही?"

"मग काहून सांगत राह्यले, बरं वाटते म्हणून?"

"तुया मायसाठी. भाकर मोडून नुसती बसून राहे."

त्यांनी हाताशी आलेलं एक बोंड तोडलं. हिरवं, टणक, कुठे छिद्र नाही. अंगठ्यांनी दाबून फोडलं. आत गुलाबी अळी वळवळली. दोघंही तिच्याकडे पाहत राहिली.

शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, तिची आई भागीरथा डबा घेऊन येत होती. लांबूनच तिने विचारलं, नागपूरचा फोन आलता का?

अपेक्षाने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी बोंडाची शकलं एकमेकांवर नीट बसवली, मूठ मिटली आणि दुसऱ्या हाताने डबा घेतला.

"आलता," ते म्हणाले. "बस. आधी तू जेव."