उंदराचा बंदोबस्त

शेजारचे हेडसर निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी क्लॅरिनेट वाजवत. म्हणजे एकच सरगम, त्याच एका चुकीसह. मागच्या आठवड्यात सांध्यावरचा कॉर्क निघाला, लाकडाचे दोन तुकडे एकमेकांत टिकेनात आणि अख्खा मजला चार दुपारी निवांत झोपला. पाचव्या दिवशी सर क्लॅरिनेटची पेटी घेऊन भिंतीपलीकडच्या वाद्यदुरुस्तीच्या कारागिराकडे हजर.

"जरा ढिलाच बसवा की," कारागिराची बायको त्याच्या कानाशी पुटपुटली. त्यानं मनापासून प्रयत्न केला. दोनदा कॉर्क वाकडा चिकटवला, दोनदा न राहवून खरवडून काढला. तीस वर्षांचा हात, ऐकतोय कुणाचं? तिसऱ्यांदा सांधा असा बसला की सर खूश. वर सवयीनं सल्लाही निघून गेला: "सर, कॉर्क झिजला नव्हता, कुरतडलेला होता. घरात उंदीर झालाय. पेटी कुलपात ठेवत जा."

दुसऱ्या दुपारी सरगम सुरू झाली, चुकीसकट. तेवढ्यात सरांच्या मिसेस कारागिराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.



"भाऊ, केसातल्या पिनेनं रोज थोडा थोडा कुरतडायला मला चार महिने लागले होते," त्या म्हणाल्या. "आता ते किल्ली गळ्यात घालून झोपतात."