दोघांचा गृहपाठ

“मुलीला आजीकडे ठेवा, दोघंच बाहेर जेवा, तिच्या आजाराचं नावही काढू नका.” समुपदेशक बाईंनी दिलेला हा गृहपाठ देस्पिना आणि तिचा नवरा स्त्रातोस यांना कित्येक आठवडे जमला नव्हता. लेक जन्मापासून फुप्फुसांच्या आजाराशी झगडत होती. आज मात्र दोघं ग्रीसमधल्या कवाला शहराच्या बंदरावर तळलेल्या मासळीपुढे बसली होती. “तुझी आई घोरते तेव्हा त्या बोटीसुद्धा डुलतात,” स्त्रातोस म्हणाला आणि देस्पिना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिच्या लक्षात आलं, शेजारच्या टेबलावर एक मूल कधीचं खोकत होतं. झोपेतसुद्धा लेकीच्या खोकल्याने दचकणाऱ्या तिला ते ऐकूच आलं नव्हतं. तिने हातातला घास खाली ठेवला. “मी विसरलेच रे तिला.” “घरी जाऊया?” त्याने विचारलं. हो म्हणायलाच हवं होतं. “अजून थोडं बसूया,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. तोही उठला नाही; त्यानेही तिच्याकडे पाहिलं नाही.