उलटे पट्टे

रणगाड्याचे दोन्ही पट्टे उलटे बसले होते.

त्याने चष्मा वर करून पुन्हा पाहिले. टेबलावर बारा रणगाडे ओळीने उभे होते, प्रत्येक काडेपेटीएवढा. अकरा ठीक होते. पट्ट्याच्या कड्यांवर बाणासारखी नक्षी असते. वरून पाहिले की बाणांची टोके पुढे, तोफेच्या दिशेला हवीत. बाराव्याची, म्हणजे तुकडीच्या प्रमुखाच्या रणगाड्याची, टोके मागे वळली होती. पाच वाजता, टेबलावर लढाया खेळणाऱ्या क्लबचा सरसेनापती तुकडी न्यायला येणार होता. हा माणूस एरवी विमा एजंट. उद्या टेबलावरच्या लढाईत तो हे रणगाडे उतरवणार होता. क्लबातल्या एकाने पूर्वी असाच पट्टा उलटा लावला होता. तीन वर्षे झाली, लोक अजून त्याला ‘रिव्हर्स’ म्हणूनच हाक मारत.

रणगाडे त्याच्या बायकोने बनवले होते, आणि ती घरात नव्हती.

असली मॉडेले बनवून रंगवणे हा मुळात त्याचा धंदा. दीड वर्षापूर्वी त्याचे हात थरथरू लागले. ब्रश धरवेना, चहा बशीत सांडू लागला. बायको दातांच्या लॅबमध्ये होती. सतरा वर्षे तिने लोकांच्या दाढा आणि कवळ्या घडवल्या होत्या. नोकरी सोडून ती घरी बसली आणि त्याच्याकडे आलेल्या ऑर्डरी पुऱ्या करता करता हे काम शिकली. तो समोरच्या खुर्चीतून सूचना द्यायचा. “गंजाचा रंग कडेला दे, मधे नको.” “कळलं. तुम्ही आधी चहा सांभाळा.” दिवसभर असे चालायचे.

पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गोळी बदलली आणि पंधरा दिवसांत थरथर थांबली. त्याने तिला सांगितले नाही. सांगितले असते तर ती लॅबमध्ये परतली असती, आणि तो पूर्वीसारखा या खोलीत एकटा उरला असता. लग्नाला बावीस वर्षे झाली होती. एवढे बोलणे त्यांच्यात आधी कधी झाले नव्हते. पुढच्या आठवड्यात सांगू, असे त्याने ठरवले. मग त्याच्या पुढच्या. आता तो कप मुद्दाम हलवायचा, शर्टाची बटणे तिच्याकडून लावून घ्यायचा, आणि स्वतःच्याच टेबलावरच्या ब्रशला हात लावायची त्याला सोय नव्हती. ती बाजारात गेली तरी नाही. कुठली वस्तू बोटभर हलली तरी तिला कळायचे.

लॅबच्या मालकांनी तिला परत बोलावले होते. काय ते आज सांगायचे होते. “जाऊन तोंडावर सांगते, फोनवर बरं दिसत नाही,” म्हणून ती नऊला बाहेर पडली. नकार देणार, हे त्याने गृहीतच धरले होते. त्याचे हात असे असताना दुसरे काय सांगणार?

तीन वाजले. त्याने तिला फोन लावला. तिने उचलला नाही.

पट्टे तसेच ठेवले तर उद्या क्लबात तिचे हसे होणार. सरळ केले तर कोणी केले? खुर्चीतून तीनदा उठून तो तीनदा बसला. मग त्याला एक वाट दिसली. उलटे बसलेले तिला कळले नसतील, तर सरळ झालेलेही कळणार नाहीत.

त्याने कवाडे लोटली, जणू चोरीच करायची होती. गोंद पुरता वाळला नव्हता. पातळ पाते सारून त्याने सांधा उचलला, पट्टा सोडवला, फिरवला, चाकांवर पुन्हा बसवला; मग दुसऱ्या बाजूचाही तसाच. हात दगडासारखे स्थिर होते. दीड वर्षाने पहिल्यांदाच त्याला ते आपले वाटले. त्याची सवय पट्ट्याला जरा झोळ ठेवायची. ती ताठ बसवते, म्हणून त्यानेही दोन्ही ताठ बसवले. सांध्यांवर चिखलाचा रंग टेकवला, ब्रश धुतला आणि होता तसा ठेवला.

सरसेनापती पाचला आला. त्याच्या मागोमाग तीही आली. चप्पल काढून ती थेट टेबलाशी गेली, बारावा रणगाडा उचलला, वरून पाहिला, पालथा करून पाहिला आणि बाकीच्या अकरांबरोबर खोक्यात ठेवला.

“वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही,” सरसेनापती म्हणाला. “आमचे हे साहेब नुसते तोंडाने लढतात.”

“त्यांचं तोंड बंद पडलं की कळवते,” ती म्हणाली. हसत हसत खोका घेऊन तो गेला.

तिने चहा केला. त्याने कप उचलला आणि नेहमीसारखा बशीवर खुळखुळवला.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, दीड वर्षानंतरचा पहिला दिवस, त्या मानाने हात बरा चालला.”

त्याला क्षणभर अर्थ लागला नाही. लागला तेव्हा कप हलवायचा राहून गेला. चहा एकदम शांत झाला.

“म्हणजे तू कामालाच... आणि माझं काय? हे हात बघतेस ना?” त्याने दोन्ही हात पुढे केले आणि घाईघाईने थरथरवले.

“ठेवा खाली, दुखतील उगाच.” तिने बशी स्वतःकडे ओढली. “सतरा वर्षं नुसत्या बोटांनी डावी दाढ कुठली, उजवी कुठली ते ओळखलंय मी. माझ्या हातून पट्टे उलटे बसतील, असं खरंच वाटलं तुम्हाला?”