जुनं फर्मवेअर

महापेच्या ऑफिसात संघप्रिया दिपेशच्या नंतर नोकरीला लागली, पण साहेबांच्या तोंडी सारखं तिचंच नाव. ते ऐकलं की दिपेशच्या पोटात दुखायचं.

त्या दिवशीही काम तिलाच मिळालं. तिनं मजल्यावरचे कॉम्प्युटर नेटला जोडणाऱ्या स्विचवर नवं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, टाकलं आणि अख्ख्या मजल्याचं नेट बसलं. ती एकामागून एक केबल बदलत राहिली, तरी स्विचवरचा एकही दिवा लागेना. हा स्वस्तातला स्विच नव्या फर्मवेअरवर ऑफिसात होत्या तसल्या दुसऱ्या कंपनीच्या केबल ओळखतच नाही, हे दिपेशला पक्कं ठाऊक होतं.

"दिपेश, तुला काय सुचतंय का रे?" तिनं विचारलं.

"नाय गं. तुझं काम, तूच बघ," म्हणून तो निवांत चहा पीत बसला.

ती रडकुंडीला आली, साहेबांचा आवाज चढला, तेव्हा कुठे तो उठला. त्यानं जुनं फर्मवेअर परत टाकलं आणि हिरवे दिवे लुकलुकू लागले. मजल्यावर टाळ्या पडल्या. मान खाली घालून उभ्या असलेल्या संघप्रियाला बघून त्याचा जीव कसा गार झाला.

संध्याकाळी साहेबांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं.



"संघप्रिया, ऐरोलीच्या नव्या ऑफिसची मॅनेजर म्हणून उद्यापासून तू जा, खरं तर दिपेशचं नाव ठरलं होतं, पण आता त्याला इथल्या स्विचपासून हलवायची माझी हिंमत होत नाही."