मोजणीचा शेवटचा दिवस

शनिवारी सकाळी सुदुंबऱ्याच्या थांब्यावर बस लागली, तेव्हा ताजुन्निसा एकटीच उभी होती. तिने रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहिलं, जरा थांबली, मग दांडा धरून आपला ताठ पाय आधी वर घेतला आणि चढली.

लहानपणापासून तिचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. टमटममध्ये माणसं गुडघ्याला गुडघा लावून कोंबलेली. तिथे तो पाय मावायचा नाही. बसची पायरी ठेंगणी, दाराजवळची सीट ऐसपैस. म्हणून तर देहूरोडच्या दुकानात लष्करी गणवेशांना काजं-बटणं करायचं काम तिला नऊ वर्षं टिकवता आलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी बसचं तिकीट पंधराचं तीस झालं. टमटमवाले वीस घ्यायचे. आठ दिवसांत निम्मी बस रिकामी झाली, आणि नंतर तर पुढच्या चार सीटाही भरेनात. मग मागच्या शनिवारी कंडक्टर अतुलने तिला सांगितलं, "मावशी, वरून मोजणी लावलीय. सोमवार ते शनिवार. रोज पंधरा माणसं नाही भरली, तर ही सकाळची फेरी बंद."

ताजुन्निसा रविवारभर घरोघर फिरली. लोकांनी चहा दिला, शब्दही दिला. धोंडाबाईने तर तिला उंबऱ्यातच धरलं. "तुला टाकून आमी कुटं जाणार गं?" मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन धोंडाबाई देहूरोडच्या बाजारात बसायची. नऊ वर्षं दोघी एकाच सीटवरून गेल्या होत्या. ताजुन्निसाचा नवरा वारला तेव्हा तिच्या चुलीपाशी महिनाभर धोंडाबाईच राबली होती.

सोमवारी अकरा जण आले. मंगळवारी सात. गुरुवारपासून कुणीच नाही, धोंडाबाईसुद्धा नाही. बसला मागे टाकून टमटम पुढे जायची. आतले पदर ओळखीचे असायचे, तोंडं तेवढी पलीकडे वळलेली.

आज बस हलली आणि मागून पत्र्यावर थाप पडली. धापा टाकत धोंडाबाई चढली. भाजीची पाटी पायाशी ठेवून ती शेजारी टेकली.

ताजुन्निसाला हुंदकाच फुटला. तिने धोंडाबाईचा हात दोन्ही हातांत धरला. "तू तरी आलीस," ती म्हणाली, आणि तिनेच अतुलला साठ रुपये दिले. "दोन देहूरोड."

धोंडाबाई नको म्हणाली नाही. इंद्रायणीचा पूल ओलांडेपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत राहिली.

"ताजू, तुझ्यापाशी खोटं बोलवंना," ती हळूच म्हणाली. "मला उशीर झाला. टमटम भरून गेली. येत्या सोमवारपासनं माझी जागा धरून ठेवा, असं सांगितलंय मी त्यास्नी."

ताजुन्निसाने हात सोडला. पदराने डोळे पुसले आणि ती समोर बघत बसली.

देहूरोड जवळ आलं तसा अतुल मोजणीचा कागद घेऊन आला. दोघींकडे पाहत त्याने पेन उघडलं. "म्हणजे आज दोन."

"न्हाई भाऊ," ताजुन्निसा म्हणाली, "एकच लिव्हा."